चिलखताची पुढची बाजू

रविवार, ३ जानेवारी १९३७

जालन्याच्या अडत्यानं नव्या सालाची छापील वही भेट दिली. रोजचं एक पान, वर तारीख. मागच्या सालीही दिली होती. ती बायकोनं, म्हणजे आमच्या चतुराबाईनं, पापडाखाली घालायला फाडली. यंदा मी बायकोला स्पष्ट सांगितलं आहे की या वहीला हात लावायचा नाही, कारण यंदा माझ्या हातून इतिहास घडणार आहे.

परवा तहसीलदार साहेब भोकरदनहून मुक्कामाला आले होते. पुढच्या महिन्यात हुजूर निजाम सरकारांच्या जुबिलीचा जलसा. आमच्या गावानंही काही करून दाखवावं, साहेब स्वतः पाहायला येतील. जाता जाता म्हणाले, पाटीलकीचा तुमचा आणि भुजंगरावांचा झगडा पाच साल चालू आहे, जलसा झाला की निकाल देतो.

भुजंग माझा चुलतभाऊ. माझे वडील वारले तेव्हा मी लहान होतो म्हणून त्याच्या बापानं सात वर्षं कारभार पाहिला, तेवढ्यावर तो हक्क सांगतो. पण ही पाटीलकी मिळाली ती थोरल्या कडूबा पाटलांच्या मर्दुमकीवर, आणि मी थोरल्या पातीचा, थोरल्या शाखेचा. तीनशे वर्षांपूर्वी गढीवर फौज चालून आली. थोरले अंगात चिलखत चढवून दारात एकटे उभे राहिले. छातीत भाला घेतला, स्वतःच्या हातानं उपसला आणि मोडून फेकला. ते पाहून फौज पळाली. दिवस मावळताना त्यांनी देह ठेवला.

मी साहेबांना म्हणून बसलो, ही लढाई आम्ही करून दाखवू. फौज कोणाची होती ते साहेबांपुढं सांगितलं नाही, 'परकी' एवढंच म्हटलं.

"असली होना, पटेल साहब," साहेब म्हणाले. "नाटक नक्को."

"बिलकुल असली," मी म्हणालो. "हत्यार, चिलखत, जसं झालं तसं."

मंगळवार, ५ जानेवारी

थोरल्यांचं चिलखत आमच्या देवघरात आहे. दर खंडेनवमीला त्याला शेंदूर चढतो. इतक्या पिढ्यांचा शेंदूर चढलाय की पाहुणे त्याला मारुती समजून तेल वाहतात. घडी कशी आहे, बाह्या कुठं आहेत, हयात माणसापैकी कोणी पाहिलेलं नाही.

चतुराबाईला म्हणालो, शेंदूर काढावा लागेल. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"देवाचं कातडं सोलता का काय तुमी?"

मी म्हणालो, तो देव नाही, चिलखत आहे. ती म्हणाली, "मंग इतक्या सालाचा निवद कुनी खाल्ला?"  शेवटी देवाला कौल लावायचा ठरला.

बुधवार, ६ जानेवारी

कौल उजवा मिळाला. उजवीकडचं फूल मी जरा सैल चिकटवलं होतं. देवाला घाई असेल तर अडथळा नको म्हणून.

शनिवार, ९ जानेवारी

अजमत शिकलगाराला बोलावलं. त्याचे वाडवडील फौजेची हत्यारं उजळायचे. हा अडकित्ते, कात्र्या आणि विळे उजळतो. पण घराणं ते घराणं. त्यानं चिलखत आपल्या ओट्यावर नेलं, कोमट तेलात भिजवलं, आणि त्याची बायको खैरुनबी चिंचेच्या पाण्यानं ते घासू लागली.

चतुराबाईची एक अट होती. निघालेला सगळा शेंदूर तिनं तांब्यात भरून घेतला आणि तांब्या देवघरात ठेवला. सकाळचा निवद आता तांब्याला असतो.

बुधवार, १३ जानेवारी

अजमतला म्हणालो, आमच्या बाजूच्या बारा शिपायांना बारा चिलखतं पाहिजेत, महिन्याभरात. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"पाटील, तार सळईवर गुंडाळायची, तिच्या कड्या कापायच्या, एक कडी चार कड्यांत ओवायची, टोकं चपटी करून बारीक खिळी ठोकायची. वीस हजार कड्या लागतेत. एका चिलखताला चार महिने जातेत." मग म्हणाला, "अन् गरीब शिपायाच्या अंगावर लोखंड कवा व्हतं? रुईचा, म्हंजी कापूस भरल्याला डगला घालायचे. आपली गोधडीच की."

माझा विरस झाला. पण असली म्हणजे असली. गावातल्या बायकांना जुन्या गोधड्यांचे डगले शिवायला सांगितलं. शिरटोप अजमत फुटक्या घमेल्यांचे ठोकून देईल. थोरले आणि शिपाई यांत काही फरक नको का दिसायला, असं मनाशी म्हणालो. 

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. भुजंगाकडून तिळगूळ आला. गोड बोला म्हणून निरोप होता. तिळगूळ खाल्ला.

रविवार, १७ जानेवारी

आज अजमतनं चिलखत उलगडून दाखवलं. शेंदराखालून ते काळंभोर लोखंड पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकेका कडीला मोहरीएवढी खिळी. बारा शेर वजन. आणि भोक! दोन बोटं जातील एवढं, भोवतालच्या कड्या आत वाकलेल्या. भाल्याचंच.

"बघ," मी अजमतला म्हणालो, "गोष्ट खरी निघाली का न्हाई? बराबर छातीवर."

 अजमतनं ते चिलखत आपल्या अंगात घातलं, पोटावरचे आकडे एकात एक अडकवले आणि माझ्याकडं पाठ केली. भोक दोन्ही खांद्यांच्या मधोमध होतं.

"आकडे पुढंच असतेत, पाटील," तो तसाच पाठमोरा म्हणाला. "शिपाई आपल्याच हातानं चढवतो, आपल्याच हातानं उतरवतो. पाठीत आकडे लावायला रणात कोन बसलंय?"

मी म्हणालो, "काढ ते."

सोमवार, १८ जानेवारी

जेवलो नाही. चतुराबाईला पित्त सांगितलं.

मंगळवार, १९ जानेवारी

नीट विचार केला. थोरल्यांच्या काळी आकडे पाठीवरच असणार. पुढं असते तर शत्रूनं हात घालून काढले नसते का? शिवाय मोठ्या माणसाला कपडे चढवायला नोकर असतो. पाठीवर आकडे असणं हे पाटीलकीचंच लक्षण आहे. इतकी साधी गोष्ट काल लक्षात आली नाही, ते पित्तामुळं.

अजमत कारागीर चांगला, पण इतिहास त्याचा विषय नव्हे. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो "हौ" म्हणाला. खैरुनबीला यातलं बोलू नकोस, असंही सांगितलं.

"अल्ला कसम," तो म्हणाला, "बायकूला म्या काईच सांगत नसतो."

शुक्रवार, २२ जानेवारी

पारावर गेलो होतो. चार जणांनी पाठीवर हात ठेवून खुशाली विचारली. एका म्हाताऱ्यानं तर दोन्ही खांद्यांच्या मधोमध दाबून पाहिलं, दुखतं का म्हणाला. जलशामुळं लोकांचं माझ्यावरचं प्रेम वाढलं आहे.

रविवार, २४ जानेवारी

शत्रू मिळत नाही. गढीमागच्या शेताचा मालक पुंजाराम म्हणतो त्याचे पूर्वज गढीच्या आत होते. कारभारी म्हणतो त्याचेही. सुतार, तेली, सगळ्यांचे आतच होते. एवढी माणसं आत होती तर थोरले दारात एकटे का होते, असा प्रश्न मनात आला. लिहून ठेवतो, विचारणार नाही.

संध्याकाळी भुजंग स्वतः ओट्यावर आला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, मी होतो दुश्मन," म्हणाला. "कुनीतरी व्हावंच लागन ना. तुमी पहिला वार करा, का मी पळालोच समजा."

तहसीलदारासमोर पळायला हा आपण होऊन तयार! बुद्धी कमी असली की माणूस असं करतो. मी लगेच हो म्हणालो.

बुधवार, २७ जानेवारी

शेवटच्या प्रसंगात थोरले देह ठेवतात, ते मी कसं करणार हे चतुराबाईला करून दाखवत होतो. तिनं पुरतं पडूही दिलं नाही.

"उठा आधी! मरायचं सोंग बी आनायचं न्हाई. माझं कुंकू काय सोंगाचं हाय का?"

गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या तिच्याच बाजूच्या. आता दोन्हीकडचा एकही माणूस मरणार नाही. नवरे जखमी होतील, तेही बसून.

रविवार, ३१ जानेवारी

पहिली तालीम. चतुराबाईनं पाठीवरचे आकडे लावले. गळ्याशी फार काचतं. हात खांद्याच्या वर जात नाही, तलवार कमरेशी येऊन थांबते.

अजमत म्हणाला, "पाठीचा उंच गळा पुढं आला, बाह्या मागं गेल्या. मंग दुसरं काय हुईल?"

मी म्हणालो, थोरल्यांचा बांधा वेगळा असेल. घरी येऊन विचार केला. हात वर जात नव्हता म्हणजे थोरले वार खालूनच करत असणार. ही माहिती आजवर कोणाला नव्हती.

सोमवार, ८ फेब्रुवारी

भुजंगाचा डगला पाहिला. झुंबरकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, रात्रंदिवस बसून शिवलाय. हलका, मऊ, बारीक टाक्यांचा. तो अंगात घालून भुजंग विहिरीच्या काठावर उड्या मारून दाखवत होता. शत्रूचा पोशाख आपल्यापेक्षा सोयीचा असावा हे काही मला बरं वाटलं नाही. पण अजमत म्हणतो, असली पोशाख तसाच होता.

कधी कधी वाटतं, आकडे पुढं घ्यावेत. एकदा तसं घालूनही पाहिलं, दार लावून. हात छान वर गेला. पण मग पाठीला त्या भोकातून गार वारा लागला. परत फिरवून घातलं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

काल जलसा झाला. काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं लिहितो.

राजूर, हसनाबाद, कुठून कुठून माणसं आली होती. गढीच्या पटांगणात मांडव, त्यात साहेबांची खुर्ची. मी दारातून बाहेर आलो आणि साहेबांना सलाम केला. तोच अर्धा झाला, हात कपाळापर्यंत पोचेना. मागं माझे बारा शिपाई गोधड्यांत उभे होते. समोरून भुजंग पंधरा जण घेऊन आला. हलगी वाजत होती.

भुजंगानं भाला माझ्या छातीवरच्या भोकाला हळूच टेकवला. मी तो हिसकला. मोडायचा होता, मोडला नाही. बांबू पक्का निघाला. तलवार उगारली. कमरेपर्यंत आली, पुढं येईना.

"मार की, दादा," भुजंग दातातल्या दातात म्हणाला. "म्हंजी मला पळायला बरं."

"वर येऊन न्हाई राह्यली."

"मंग तसाच पळू का?"

"नको! आधी वार, मंग पळ!"

तो बिचारा मान पुढं करून उभा राहिला. मी खालून वार करू पाहिला, तर तलवार माझ्याच धोतरात अडकली. लोक हसायला लागले. हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ताल चढवला. हलगी चढली की माणूस माणसाच्या ताब्यात राहत नाही. भुजंगाच्या मागचे पंधराही जण लाठ्या उगारून ओरडत अंगावर आले. माझे बारा कुठं गेले ते मी पाहिलं नाही. ते सोंग होतं, त्या लाठ्या मला लागणार नव्हत्या, हे मला आज कळतं. काल कळलं नाही.

मी पळालो.

हे दोन शब्द लिहायला सकाळची दुपार झाली. मी पळालो, गढीच्या दारातून आत, मागच्या खिंडारातून बाहेर, आणि तिथून पुंजारामच्या उभ्या जवारीत. मागून भुजंगाचा आवाज येत होता, "दादा, थांबा! पडताल!" मला वाटलं, पाच वर्षांचा दावा हा आज एकदम मिटवणार. मी आणखी जोरात पळालो. अंगावर बारा शेर लोखंड, गळ्याला फास बसलेला. डोळ्यांपुढं काळं आलं आणि तोंडावर पडलो.

पाठीवर कोणाचा तरी गुडघा आला. मनात म्हणालो, चतुराबाई, तुझं कुंकू. तर पाठीवरचे आकडे एकेक करून सुटायला लागले.

"सास घ्या, दादा. हळू. घाई न्हाई," भुजंग म्हणाला. त्यानं मला उताणं केलं, अंगातला आपला डगला काढला आणि त्यानंच वारा घालत बसला.  मग म्हणाला, "पडताना कुनी पाह्यलं न्हाई. जवारी उंच हाय."

आकडे पुढं असते तर उपड्या पडलेल्या माणसाचं चिलखत त्याला काढता आलं नसतं. हे मी अजमतला सुनावणार आहे.

परत आलो तेव्हा साहेब खुर्चीत मागं रेलून डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं.

"वाह, पटेल साहब! बाकी सब तमाशा था. लेकिन वो भागना! बिलकुल असली!"

आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

भुजंग गावभर सांगत फिरतोय की पळायचं आधीच ठरलं होतं. "दादानं बसवल्यालंच तसं व्हतं," म्हणतो. कोणाला पटतंय असं दिसत नाही. पण तो सांगायचं थांबत नाही.

त्याला काही बोलावं असं दोनदा मनात आलं. काय बोलावं ते सुचलं नाही.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

भोकरदनला निकालासाठी बोलावलं होतं. माझ्या बैलाचा खूर दुखावला आहे, म्हणून भुजंगाच्याच गाडीतून गेलो. जाताना तो जवारीच्या काढणीबद्दल बोलत होता.

साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. पाटीलकी माझी. भुजंग तिथंच उभा होता. मी धीर करून विचारलं, कोणत्या पुराव्यावर. साहेब हसले.

"पुरावे तो दोनों के बराबर हैं. लेकिन भुजंगराव तलवार के सामने खड़े रहते, मैंने देखा. जो पटेल आज तलवार के सामने खड़ा रहता, वो कल सरकार के सामने भी खड़ा रहता. आप वक्त पे हटना जानते. दस्तखत करो."

तिथं मला म्हणता आलं असतं की हा मनुष्य माझ्यामागं मला मारायला धावला नव्हता, वाचवायला धावला होता. म्हणता आलं असतं की असला माणूसच गावाला पाटील पाहिजे. दौत समोर होती. मी सही केली.

"मुबारक, दादा," भुजंग म्हणाला आणि गाडी जुंपायला गेला. परतीच्या वाटेत जवारीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.  इतका लांब रस्ता मी पूर्वी पाहिलेला नाही.

पाच वर्षं ज्या कागदासाठी झुरलो तो घरात आला आहे, आणि मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

चतुराबाईनं कागदाला हळद-कुंकू लावलं आणि चुलीपाशी बसली. "कशावरून दिली?" तिनं विचारलं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, भोक कुठल्या बाजूचं आहे तेही. तिची भाकरी थापणं थांबलं नाही.

"ते तं खैरुनबीनं कवाच सांगितलं व्हतं. समद्या गावाला ठाव हाय."

 तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"अवो, थोरले पाटील तवा इशीचे बी नव्हते. लगीन न्हाई, लेकरू न्हाई. दारातच मेले असते तं तुमी अन् भुजंग भाऊजी कुठून आल्ते? पळाले म्हनून तं हे घर हाय. पळाल्याची लाज नसती. आता जा, भाऊजींला जेवायला बोलवून आना. त्यायनं जीव वाचवला तुमचा."

मला एकदम बरं वाटलं. मुंडासं बांधलं आणि निघालो. भुजंगाचं घर आमच्यापासून वीस पावलं. तिथं जाऊन काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं. कोपऱ्यावर वळलो, त्याचा ओटा दिसला, आणि पाय आपोआप मागं फिरले.

चतुराबाईला सांगितलं, भुजंग घरी नव्हता. वहीत तरी खरं लिहितो. तो ओट्यावरच बसला होता. त्यानं मला येताना पाहिलं आणि जातानाही.